बौद्ध घरातले सण आणि आपली लहान मुले



आमची मुलगी पाच वर्षांची असतानाची गोष्ट आहे. भाद्रपद महिना सुरू होता. शेजारच्या घरी मखर बांधण्याची गडबड चालली होती आणि ती दारात उभी राहून ते पाहत होती. घरात आल्यावर तिने विचारले, "आई, आपल्याकडे गणपती कधी येणार?" आम्ही सांगितले, "बाळा, आपण बौद्ध आहोत. आपण गणपती बसवत नाही." पुढे नवरात्र आले, तेव्हाही हेच उत्तर. दिवाळी आली, पुन्हा तेच उत्तर. डिसेंबरात शाळेत नाताळचे झाड सजले, तेव्हाही आम्ही तेच म्हणालो. शेवटी एके दिवशी जेवताना ती अगदी सहजपणे बोलून गेली, "म्हणजे बौद्ध म्हणजे काहीच करायचं नाही, असं ना?"

त्या वाक्याने आमचा घास अडकला. आम्ही दोघेही नोकरी करणारे, विहारात नियमित जाणारे, त्रिशरण-पंचशील मुखोद्गत असलेले. तरीही आमच्या मुलीच्या मनात 'बौद्ध' या शब्दाचा अर्थ 'नाही' एवढाच उतरला होता. हा दोष तिचा नव्हता. आम्ही तिला काय करायचे नाही ते वर्षभर सांगितले आणि काय करायचे ते एकदाही दाखवले नाही.

आमच्या आईने हे ऐकले तेव्हा ती बराच वेळ गप्प राहिली. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला ती आपल्या आईचे बोट धरून गेली होती. तेव्हा ती दहा वर्षांची होती. परत आल्यावर घरातले देव टोपलीत घालून नदीत सोडले, देव्हारा काढला आणि त्या जागी बाबासाहेबांचा फोटो लावला, हे तिला लख्ख आठवते. ती म्हणाली, "आम्ही देव्हारा रिकामा केला ते बरोबरच केलं. पण रिकामी जागा फार दिवस रिकामी ठेवली, तर तिथं काहीतरी येऊन बसतंच. तुम्ही पोरांना तिथं ठेवायला काय दिलंत?"

या प्रश्नाचे उत्तर शोधण्याचा आम्ही गेली काही वर्षे प्रयत्न करीत आहोत. आमच्यासारखीच अडचण अनेक घरांत आहे, हे वसाहतीतील इतर पालकांशी बोलताना कळले. म्हणून आमचा हा अनुभव, त्यातल्या चुकांसह, या स्मरणिकेच्या निमित्ताने आपल्यापुढे ठेवीत आहोत.

बावीस प्रतिज्ञा केवळ नकार नाहीत

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. परमपूज्य बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांतील आरंभीच्या प्रतिज्ञा जुने देव, अवतारकल्पना, श्राद्ध-पिंडदान यांचा त्याग करण्याच्या आहेत. आपल्यापैकी पुष्कळांच्या बोलण्यात तेवढ्याच येतात. पण नवव्या प्रतिज्ञेपासून पुढे पाहा. सर्व माणसे समान आहेत, समतेसाठी झटायचे, अष्टांगिक मार्गाने चालायचे, दहा पारमिता पाळायच्या, प्राणिमात्रांवर दया करायची, चोरी करायची नाही, खोटे बोलायचे नाही, दारू प्यायची नाही, प्रज्ञा, शील आणि करुणा यांची सांगड घालून जगायचे. हा आयुष्य भरून काढणारा कार्यक्रम आहे. जुने सोडणे हे शेताची मशागत करण्यासारखे आहे. मशागत करून पेरणीच केली नाही, तर त्या शेतात तणच माजणार.

मुलांच्या बाबतीत पेरणी म्हणजे सण. मोठ्यांना प्रवचन पुरते, ग्रंथ पुरतो. चार वर्षांच्या मुलाला मात्र 'अनित्य' हा शब्द कळत नाही आणि १९५६ हा आकडाही कळत नाही. त्याला खिरीचा वास कळतो, धुतलेला पांढरा सदरा कळतो, बाबा आज घरी आहेत हे कळते. सणातून मुलाला चार गोष्टी मिळतात. एक, वाट पाहण्याचा आनंद. दोन, आपल्या हाताने काही करण्याची संधी. तीन, सर्वांनी मिळून खाणे. चार, दरवर्षी त्याच दिवशी ऐकलेली तीच गोष्ट. या चारही गोष्टी आपल्या पौर्णिमांना आणि आपल्या राष्ट्रीय दिवसांना जोडता येतात. त्यासाठी देवाची गरज लागत नाही आणि कर्जाचीही लागत नाही.

फूल, मेणबत्ती आणि अगरबत्ती

आम्ही सुरुवात घरच्या वंदनेपासून केली. दर पौर्णिमेला संध्याकाळी दहा मिनिटे, त्याहून जास्त नाही. लहान मुलाला अर्धा तास मांडी घालून बसवले, तर त्याच्या मनात वंदनेविषयी प्रेम न राहता धाक बसतो.

वंदनेच्या साहित्याची वाटणी मुलांत करून दिली. धाकट्याने फुले आणायची, मुलीने मेणबत्तीची तयारी करायची, काडी मात्र मोठ्यांनी ओढायची. प्रत्येक वस्तूचा अर्थ एकेका वाक्यात सांगायचा. फूल आज ताजे आहे, उद्या कोमेजेल, आपणही असेच बदलतो. मेणबत्ती अंधार घालवते, तसे ज्ञान अडाणीपण घालवते. फुलांचा सुगंध वाऱ्याच्या उलट दिशेने जात नाही, पण चांगल्या माणसाची कीर्ती चारी दिशांना जाते, असे धम्मपदात सांगितले आहे, ती आठवण अगरबत्ती लावताना द्यायची. दुसऱ्या दिवशी सकाळी ते कोमेजलेले फूल मुलांच्याच हातून कुंडीतल्या मातीत घालायचे. कोमेजलेले फूल हातात घेतल्यावर अनित्यतेवर व्याख्यान द्यावे लागत नाही.

एक पथ्य मात्र कटाक्षाने पाळले. मूर्तीपुढे मुलांना काही मागायला लावायचे नाही. "परीक्षेत पास कर म्हणावं बाप्पाला," असे पाहुण्यांपैकी कोणी म्हणाले, तर आम्ही हसून सांगतो, की बुद्ध मार्ग दाखवणारे आहेत, चालायचे आपल्यालाच आहे. मुलांना हे आश्चर्यकारक वाटावे इतके सहज पटते.

वैशाख पौर्णिमा

वैशाख पौर्णिमेला सिद्धार्थ गौतमांचा जन्म, संबोधी आणि महापरिनिर्वाण या तिन्ही घटना झाल्या, असे परंपरा मानते. लहान मुलांसाठी यातली एकेकच घटना घ्यावी. तीन-चार वर्षांच्या मुलाला जन्माची आणि हंसाची गोष्ट पुरे. देवदत्ताच्या बाणाने जखमी झालेला हंस सिद्धार्थाने वाचवला. पक्षी मारणाऱ्याचा की वाचवणाऱ्याचा, असा वाद झाला आणि निकाल वाचवणाऱ्याच्या बाजूने लागला. ही गोष्ट सांगून झाल्यावर गॅलरीत किंवा गच्चीवर पक्ष्यांसाठी पाण्याचे भांडे ठेवावे. वैशाखाच्या उन्हात त्याची खरोखरच गरज असते. भांडे रोज भरण्याचे काम मुलाकडे पावसाळा येईपर्यंत राहते, म्हणजे एका दिवसाचा सण महिनाभर टिकतो.

थोड्या मोठ्या मुलांना सुजाताची खीर सांगावी. उपासाने देह झिजवून ज्ञान मिळत नाही हे सिद्धार्थांना उमगले आणि उरुवेलेला त्यांनी सुजाताने दिलेली खीर स्वीकारली. आपल्याकडे बुद्ध जयंतीला खीरदान होते ते याच आठवणीने. खीर घरी शिजवावी, मुलांना ढवळू द्यावी, आणि पहिली वाटी घरात न खाता बाहेर द्यावी. सफाई कामगार, वॉचमन, दूधवाला, समोरच्या घरातील एकटी आजी अशी यादी मुलांनाच करायला सांगावी. दानाचा अर्थ वाटी हातात घेऊन जिना उतरताना जितका कळतो, तितका पुस्तकात कळत नाही.

श्रीलंकेत या पौर्णिमेला 'वेसाक' म्हणतात. बांबूच्या काड्या आणि रंगीत कागद यांचे कंदील घरोघरी टांगले जातात आणि रस्त्यावर येणाऱ्या-जाणाऱ्यांना मोफत अन्न वाटले जाते. जपानात ८ एप्रिलला बुद्धजन्माचा फुलांचा सण असतो. तेथे फुलांनी सजवलेल्या छोट्या मंडपात बालबुद्धाची मूर्ती ठेवतात आणि मुले पळीने तिच्यावर गोड चहा ओततात. जगभरातील बौद्धांनी मुलांना सणात असे मध्यभागी आणले आहे. कंदील करण्याची कला तर आपल्या मुलांच्या हातात आहेच. वैशाख पौर्णिमेला पाच रंगांचा कंदील घरी करावा. निळा, पिवळा, तांबडा, पांढरा आणि केशरी हे पंचशील ध्वजाचे रंग होत. हा ध्वज श्रीलंकेत १८८५ साली वैशाख पौर्णिमेला प्रथम फडकला, हेही कागद चिकटवता चिकटवता सांगून होते.

चौदा एप्रिल

भीमजयंतीबद्दल आपल्याला काही नव्याने सांगण्याची गरज नाही. हा एक सण आपल्या घरात कधीच रिकामा नव्हता. निळ्या पताका, नवे कपडे, भीमगीते, मिरवणूक. पण मुलांच्या दृष्टीने दोन गोष्टींचा विचार व्हावा असे वाटते.

पहिली गोष्ट आवाजाची. तान्ही आणि लहान मुले मोठ्या भोंग्यांपुढे घाबरून रडताना आम्ही पाहिली आहेत. ज्यांच्या नावाने मिरवणूक निघते त्यांनी परळच्या चाळीतल्या एका खोलीत, वडिलांनी पहाटे दोनला उठवल्यावर दिव्याच्या उजेडात अभ्यास केला. त्या थोर विद्यार्थ्याच्या जयंतीत पाळण्यातले मूल दचकू नये, एवढी काळजी तरी मंडळांनी घ्यावी.

दुसरी गोष्ट सांगण्याची. वर्गात बसण्यासाठी घरून तरट न्यावे लागणे, तहान लागली तरी शिपायाने नळ उघडेपर्यंत वाट पाहणे, शिपाई नसला तर तहानलेले राहणे, हे बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवले आहे. मुलांना ते सांगायचेच आहे. पण केव्हा? आमचा अनुभव असा, की सहा वर्षांच्या आतील मुलाला पुस्तकवेड्या भिवाची गोष्ट सांगावी. तरटाची गोष्ट त्यानंतर, आणि ती सांगताना मूल आपल्या कुशीत असावे. आमच्या मुलीने ती ऐकून विचारले होते, "मलापण असं करतील का?" त्या वेळी "नाही, कारण बाबासाहेबांनी कायदा बदलला, आणि कोणी केलंच तर आम्ही तुझ्यामागं उभे आहोत," हे उत्तर आमच्याजवळ तयार होते. उत्तर तयार नसेल तर गोष्ट सांगण्याची घाई करू नये. दुःखाचा वारसा मुलांना द्यावा लागतो, पण त्याबरोबर बळही द्यावे.

भेटवस्तू द्यायची तर या दिवशी पुस्तक द्यावे. मॅट्रिक पास झाल्यावर तरुण भीमरावांना कृष्णाजी अर्जुन केळुस्कर गुरुजींनी आपले बुद्धचरित्र भेट दिले होते. एका पुस्तकाची भेट कुठवर पोहोचते याचे याहून मोठे उदाहरण आपल्या इतिहासात नाही. आमच्या घरी दर चौदा एप्रिलला प्रत्येक मुलाला एक पुस्तक मिळते आणि पहिल्या पानावर आजी सही करते. सही करायला ती प्रौढ वर्गात शिकली, म्हणून त्या सहीचे मोल आम्हाला अधिक वाटते.

वर्षावास : गोष्टींचे तीन महिने

आषाढ पौर्णिमेला तथागतांनी सारनाथ येथे कौंडिण्य, वप्प, भद्दिय, महानाम आणि अस्सजि या पाच जणांना पहिला उपदेश केला. याच पौर्णिमेनंतर भिक्खूंचा वर्षावास सुरू होतो आणि आश्विन पौर्णिमेला तो संपतो. या तीन महिन्यांत अनेक विहारांत 'बुद्ध अँड हिज धम्म' या, १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या बाबासाहेबांच्या ग्रंथाच्या मराठी अनुवादाचे वाचन चालते. मोठे ऐकतात, आणि लहान मुले पेंगतात किंवा चपलांच्या ढिगाऱ्यात खेळतात. त्यांच्यासाठी घरी जातककथा असाव्यात. पाली जातकसंग्रहात ५४७ कथा आहेत. आठवड्याला एक म्हटली तरी दहा वर्षे पुरतील.

नंदिविशाल बैलाची कथा घ्या. मालकाने सर्वांसमोर शिवी देऊन हाक दिली तेव्हा तो बैल जागचा हलला नाही, आणि गोड बोलून हाक दिली तेव्हा त्याने शंभर गाड्या ओढल्या. ही कथा मुलांइतकीच पालकांसाठीही आहे. ती सांगितल्यापासून आम्ही आवाज चढवला, की मुले "नंदिविशाल!" म्हणून ओरडतात आणि आम्हाला ओशाळे व्हावे लागते.

आषाढ पौर्णिमेला आम्ही राहुलाचा पाठ घेतो. राहुल लहान श्रामणेर असताना बुद्ध त्याच्याकडे गेले. राहुलाने पाय धुण्यास पाणी ठेवले. बुद्धांनी भांड्यात थोडे पाणी उरू दिले आणि म्हणाले, जाणूनबुजून खोटे बोलण्याची ज्याला लाज नाही, त्याचे श्रमणपण एवढेसेच असते. मग ते पाणी ओतून टाकले, भांडे पालथे केले, पुन्हा सरळ करून रिकामे दाखवले, आणि प्रत्येक वेळी तोच धडा दिला. नंतर विचारले, आरसा कशासाठी असतो? पाहण्यासाठी. तसेच प्रत्येक काम करण्याआधी, करताना आणि केल्यावर पाहावे, की याने मला किंवा दुसऱ्याला त्रास तर होत नाही ना? हा पाठ करायला एक तांब्या आणि एक आरसा पुरतो. खोटे बोलण्याविषयी राहुलाला केलेला हा उपदेश सम्राट अशोकाला इतका मोलाचा वाटला, की बैराटच्या शिलालेखात भिक्खू-भिक्खुणींनी आणि उपासक-उपासिकांनी वारंवार ऐकावा अशा सुत्तांत त्याने त्याचा उल्लेख केला. एका बापाने आपल्या मुलाला रागे न भरता खरे बोलायला कसे शिकवले, हे पाहायचे तर याहून चांगला नमुना नाही.

धम्मचक्र प्रवर्तन दिन

"आपला वाढदिवस तारखेने, मग हा दिवस कधी दसऱ्याला आणि कधी १४ ऑक्टोबरला का?" असे मुले विचारतात. १९५६ साली अशोक विजयादशमी १४ ऑक्टोबरला आली होती. म्हणून काही जण तिथी पाळतात आणि काही जण तारीख. आमच्या घरी दोन्ही दिवस वंदना होते. मुलांची त्याला काहीच हरकत नसते.

या दिवशी घरातील सर्वात वडील माणसाला बोलते करावे. आमची आई नागपूरचा तो दिवस सांगते. पांढरी वस्त्रे घालून निघालेली माणसे, बांधून नेलेल्या भाकरी, कुशीनाऱ्याचे भदंत चंद्रमणी महास्थवीर यांच्याकडून बाबासाहेबांनी घेतलेली दीक्षा आणि मग लाखो लोकांनी उभे राहून घेतलेल्या प्रतिज्ञा. तिला गर्दीत फारसे दिसले नाही, तिने पुढच्या माणसांच्या पाठीच पाहिल्या, असे ती प्रामाणिकपणे सांगते. पण आवाज आठवतो. ज्यांनी तो दिवस पाहिला अशी माणसे आता थोडी उरली आहेत. त्यांचे बोलणे मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून ठेवावे आणि मुलांनी त्यांना प्रश्न विचारावेत, ही आमची सर्वांना कळकळीची विनंती आहे. त्या दिवशी आम्ही जेवणात मुद्दाम भाकरी आणि कोरडी चटणी ठेवतो. गोडधोड संध्याकाळी असते.

सहा डिसेंबर आणि इतर दिवस

६ डिसेंबर हा सण नाही. त्या दिवशी मुलांना घरात शांतता जाणवू द्यावी. चैत्यभूमीच्या गर्दीत अगदी लहान मुलांना नेण्याचा आग्रह नसावा. घरी एक मेणबत्ती लावावी, टीव्ही बंद ठेवावा आणि प्रत्येकाने बाबासाहेबांमुळे आपल्याला मिळालेली एक गोष्ट सांगावी. आमचा धाकटा एका वर्षी म्हणाला, "मला बेंच मिळाला." तरटाची गोष्ट त्याच्या मनात घर करून राहिली होती.

याशिवाय वर्षभरात छोटे दिवस आहेत. २० मार्च हा १९२७ च्या महाडच्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहाचा दिवस. त्या दिवशी मुलांनी घरातील प्रत्येकाला आणि दारी येणाऱ्यालाही आपल्या हाताने पाणी द्यावे. ७ नोव्हेंबर १९०० रोजी भीमरावांचा साताऱ्याच्या शाळेत प्रवेश झाला. महाराष्ट्रात २०१७ पासून हा विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. त्या दिवशी दप्तर साफ करून वह्यांना नवी कव्हरे घालावीत. ३ जानेवारीला सावित्रीबाईंची जयंती. त्या दिवशी आईला आणि आजीला मुलांनी काहीतरी वाचून दाखवावे. २६ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान स्वीकारले गेले. त्या दिवशी घराचे पाच नियम मुलांसह बसून ठरवावेत आणि खाली सर्वांनी सह्या कराव्यात. नियम मोठ्यांनाही लागू असावेत, नाहीतर त्याला संविधान म्हणता येणार नाही.

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही लेणी पाहायला जातो. कान्हेरी, कार्ले, भाजे, जुन्नर, नाशिक, औरंगाबाद, अजिंठा अशी बौद्ध लेणी महाराष्ट्रात सर्वदूर आहेत. मुलांना इतिहासाची सनावळी नको असते. भिक्खूंचे दगडी बाक, पाण्याच्या पोढी, आवाज घुमणारे चैत्यगृह त्यांना आवडते. लेण्यांतील लेखांत सुतार, सोनार, व्यापारी, भिक्खुणी अशा साध्या दात्यांची नावे कोरलेली आहेत, हे कळले की ती लेणी त्यांना आपली वाटू लागतात. अजिंठ्याच्या १७ क्रमांकाच्या लेण्यात बुद्धांसमोर उभा असलेला छोटा राहुल आहे. मुले त्याला लगेच ओळखतात, कारण तांब्या आणि आरसा त्यांच्या ओळखीचा असतो.

शेजाऱ्यांचे सण आणि आमची एक चूक

आता एका चुकीची कबुली देतो. सुरुवातीच्या उत्साहात एका दिवाळीला शेजारणीने आणलेले फराळाचे ताट आम्ही "आमच्यात चालत नाही" म्हणून परत केले. तिचा चेहरा पडला. मुलगी आत जाऊन रडली, कारण त्या घरातील मुलगी तिची मैत्रीण होती. तत्त्व पाळल्याचे समाधान आम्हाला त्या रात्री मिळाले नाही. आमच्या आईने तर आम्हाला चांगलेच सुनावले. ती म्हणाली, "आमच्या हातचं लोक खात नव्हते, ते दुःख आम्ही भोगलंय. तुम्ही तेच दुसऱ्याला द्यायला निघालात?"

करंजी खाणे म्हणजे पूजा करणे नव्हे, हा साधा भेद आम्ही विसरलो होतो. अशोकाने आपल्या बाराव्या शिलालेखात सांगितले आहे, की जो आपल्या पंथाच्या प्रेमापोटी दुसऱ्याच्या पंथाची निंदा करतो तो आपल्याच पंथाचे नुकसान करतो. आम्ही दुसऱ्या दिवशी जाऊन क्षमा मागितली. आता फराळ आनंदाने घेतो, पूजेला बसत नाही, आणि वैशाख पौर्णिमेला खिरीचे पहिले पातेले त्या घरी जाते. मुलांना आम्ही असे सांगतो, की ते त्यांच्या पद्धतीने आनंद करतात, आपण आपल्या. कोणाची टर उडवायची नाही आणि आपले सांगायला लाजायचेही नाही.

खरे मंगल कोणते

वाढदिवस, नामकरण, गृहप्रवेश हे प्रसंग वंदना, परित्राणपाठ आणि थोडे दान एवढ्यावर सुंदर होतात. पण आपल्याकडेही देखाव्याची स्पर्धा सुरू झाली आहे. पहिल्या वाढदिवसाला हॉल आणि भला मोठा केक, आणि त्यासाठी पतपेढीचे हप्ते! एक वर्षाच्या बाळाला त्या गर्दीत झोप हवी असते.

अशोकाचा नववा शिलालेख नेमका याच विषयावर आहे. आजारपण, लग्न, अपत्यजन्म, प्रवास अशा प्रसंगी लोक नाना प्रकारची मंगलकृत्ये करतात, पण त्यांचे फळ थोडे. खरे मंगल म्हणजे नोकरचाकरांशी नीट वागणे, गुरुजनांचा आदर, प्राण्यांविषयी संयम आणि दान, असे त्यात सांगितले आहे. या लेखाचा एक तुकडा आपल्या सोपाऱ्याच्या परिसरात मिळाला आहे. आठव्या लेखाचा तुकडा त्याआधी १८८२ साली सोपाऱ्यालाच सापडला होता, आणि तो मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात पाहता येतो. म्हणजे सव्वादोन हजार वर्षांपूर्वी या मातीत हा विचार दगडावर कोरला गेला होता. आपण तो निदान वाढदिवसाच्या यादीत तरी आणू या. घरात कामाला येणाऱ्या बाईच्या मुलाला वाढदिवसाला बोलावणे, आणि त्याला शेवटी न बसवता आपल्या मुलाशेजारी बसवणे, हे अशोकाच्या अर्थाने मंगल आहे.

शेवटी एक सूचना

हे सर्व एकदम कोणालाच जमणार नाही. आम्हालाही जमलेले नाही. काही पौर्णिमा विसरतात, कधी पाहुणे येतात, कधी आम्हीच थकलेले असतो. म्हणून पहिल्या वर्षी फक्त तीन गोष्टी धराव्यात. वैशाख पौर्णिमेला खीर आणि कंदील, चौदा एप्रिलला पुस्तक, आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनी आजी-आजोबांची आठवण. मुलांना दरवर्षी नवे काही नको असते, तेच पुन्हा हवे असते. तीन गोष्टी तीन वर्षे सलग केल्या, की चौथ्या वर्षी मुलेच आठवण करून देतात.

आणि विहाराच्या कार्यकारिणीला विनंती, की पौर्णिमेच्या कार्यक्रमातील पहिली पंधरा मिनिटे मुलांसाठी राखून ठेवावीत, आणि एका कपाटात त्यांच्या उंचीला पुरतील अशी जातककथांची पुस्तके ठेवावीत. कपाटाला कुलूप नसावे.

गेल्या वैशाखात आमच्या मुलीला शाळेतील मैत्रिणीने विचारले, "तुमच्याकडे काय काय असतं गं?" ती कंदिलाला केशरी पट्टी चिकटवत होती. तिने हातातले काम थांबवले नाही, आणि सांगायला लागली ती बराच वेळ सांगतच होती. आम्ही स्वयंपाकघरात खीर ढवळत ते ऐकत होतो. आईने हळूच डोळ्याला पदर लावला आणि म्हणाली, "बघ खाली, खीर लागेल."

जय भीम!